ब्रेक मारला की दिवा विझतो

गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, पाऊस नुकताच थांबला होता आणि रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलपाशी मी गाडी थांबवली होती. शेजारी एक स्कूटर येऊन उभी राहिली. हेल्मेटमधल्या मुलाने काचेवर टकटक केलं. काच खाली केली तर म्हणाला, "काका, ब्रेक मारला की तुमचा मागचा डावा दिवा विझतो." एवढं बोलून तो निघूनही गेला.

त्याचं वाक्य मी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतलं. ब्रेक मारल्यावर दिवा लागतो, विझत कशाला जाईल? त्याला म्हणायचं असणार की डावा ब्रेकलाइट लागत नाही. बल्ब गेला असेल. ही दुरुस्ती मला दोन दिवसांना आणि एका फुकटच्या बल्बाला पडली.

गाडीतल्या बहुतेक बिघाडांची खबर चालवणाऱ्याला आधी लागते. हॉर्न बसला, वायपर अडकला, क्लच घसरायला लागला, की पहिले वैतागतो ते आपण. ब्रेकलाइटचं तसं नाही. तो आपल्या बॅटरीवर चालतो, आपल्या पायाने लागतो, पण चालवताना आपल्याला तो कधी दिसत नाही. तो सगळाच्या सगळा मागच्या माणसासाठी असतो. त्यामुळे तो तपासायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे मी गाडीमागे उकिडवा आणि बायको ड्रायव्हरच्या सीटवर.

"दाब गं."

"दाबलाय की!"

"आता सोड."

"कधीचा सोडलाय. लागतोय का नाही ते सांग."

उजवा झगझगीत लागत होता. डावा मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा, असून नसल्यासारखा. शेजारचा इंडिकेटरही किंचित नारिंगी दिसला, पण ते रस्त्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब असावं असं समजून मी सोडून दिलं. हा दुसरा पुरावा. तोही मी वाया घालवला.

मग डिकी उघडून होल्डर फिरवला आणि बल्ब बाहेर काढला. हा बल्ब एकदा तळहातावर घेऊन नीट बघावा असा असतो. अंगठ्याएवढी काच, आणि तिच्या आत एक सोडून दोन तारा. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट, २१/५ वॉट. पाच वॉटची तार म्हणजे हेडलाइटबरोबर मागे मंद जळणारा टेललॅम्प. एकवीस वॉटची म्हणजे ब्रेकलाइट. आपण ज्यांना दोन दिवे समजतो ते एकाच काचेच्या खोलीत राहणारे दोन भाडेकरू आहेत. बुडाला दोन पॉइंट असतात, आणि पितळी अंगावरच्या दोन खिळ्यांपैकी एक थोडा वर, एक थोडा खाली बसवलेला असतो. बल्ब उलटा बसू नये म्हणून ही युक्ती. उलटा बसला तर टेललॅम्पच्या जागी ब्रेकलाइट सतत जळत राहील आणि ब्रेक मारल्यावर मिणमिणता दिवा लागेल.

बल्ब गेला की कसा गेला ते तो काचेवर लिहून ठेवतो. काच आतून काळपट किंवा आरशासारखी झाली असेल तर तार झिजून झिजून गेली. धातूची वाफ होऊन ती काचेवर बसली. आत पांढुरकी पूड दिसली तर कुठून तरी हवा शिरली आणि तापलेली तार जळाली. माझ्या बल्बची काच स्वच्छ होती, दोन्ही तारा शाबूत होत्या. तरीही मी नवा बल्ब आणून घातला. मनाने निकाल आधीच दिलेला असला की डोळ्यांचं कोण ऐकतो?

ही तार टंगस्टनची. टंगस्टन वितळतो ३,४२२ अंश सेल्सिअसला. सगळ्या धातूंमध्ये इतका उशिरा वितळणारा दुसरा नाही, म्हणूनच अडीच हजार अंशांच्या पुढे तापून ही तार टिकते. पण थंड असताना तिचा विद्युतरोध तापलेल्या तारेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका असतो. म्हणजे ब्रेक दाबल्याच्या पहिल्या क्षणी तिच्यातून नेहमीच्या आठ-दहा पट वीज घुसते. टेललॅम्पला हा दणका रात्रीतून एकदा बसतो. ब्रेकच्या तारेला मात्र प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक स्पीडब्रेकरला आणि मध्येच आडव्या येणाऱ्या प्रत्येक गायीला.

अपघातांचा तपास करणारे तज्ज्ञ तर या तारेला साक्षीला उभं करतात. मागून धडक बसली. मागचा म्हणतो, पुढच्याने ब्रेक मारल्याचं दिसलंच नाही. पुढचा म्हणतो, दिवा लागला होता. आता दोन्ही गाड्या चेपलेल्या आणि सगळे दिवे विझलेले. मग फुटक्या टेललॅम्पमधला बल्ब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. धडकेच्या क्षणी तार तापलेली असली तर ती मऊ असते, धक्क्याने ताणली जाते, तिची वेटोळी वेडीवाकडी उलगडतात. थंड असली तर ती ठिसूळ असते, मोडली तर काडीसारखी मोडते आणि टोकं स्वच्छ राहतात. काच फुटताना तार पेटलेली असेल तर हवा लागून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि उडालेले काचेचे कण तिच्यावर वितळून चिकटलेले सापडतात. दोन तारांच्या बल्बात एक ताणलेली आणि शेजारची जशीच्या तशी असली, तर त्या क्षणी कोणती जळत होती हे दिसतं.

असो. माझा बल्ब साक्ष देत होता की तो निर्दोष आहे. नवा घातला तरी डावा दिवा निखाराच राहिला.

मग मी मीटर बाहेर काढला.

पायाने दाबलेला ब्रेक मागे दिव्यापर्यंत पोचतो कसा, हे इथे सांगायला हवं. पेडलच्या वरच्या अंगाला एक छोटा स्विच असतो. पेडल जागेवर असताना त्याचा दट्ट्या आत दाबलेला राहतो आणि वीज बंद असते. पाय टेकवला की पेडल दूर होतं, दट्ट्या बाहेर येतो आणि वीज सुरू होते. फ्रिजचं दार उघडल्यावर आतला दिवा लागतो त्यातलाच हा प्रकार. पुढे वायर चार-एक मीटर धावत मागे जाते. दिवा लगेच लागतो म्हणून आपल्याला वाटतं की वीज तारेतून बाणासारखी पळते. पाऊण चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून एका बल्बापुरती पावणेदोन अँपिअर वीज वाहत असेल तर तिच्यातले इलेक्ट्रॉन सरासरी किती वेगाने सरकतात याचा हिशेब करून पाहा. उत्तर येतं सेकंदाला एक मिलिमीटरचा सहावा हिस्सा. गोगलगायही यापेक्षा चपळ. पेडलजवळच्या स्विचमधून निघालेला इलेक्ट्रॉन मागच्या दिव्याशी पोचायला साडेसहा तास लागतील. तेवढ्यात मी पुण्याच्या जवळपास पोचेन, पण मग तोपर्यंत ब्रेक दाबून धरता यायचा नाही.

दिवा तरी लगेच का लागतो? कारण वायर आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेली असते. पाण्याने भरलेल्या लांब नळीचा कॉक उघडला की दुसऱ्या टोकाने त्याच क्षणी धार लागते, कॉकपाशी असलेलं पाणी तिथवर जावं लागत नाही. सरकते ती रांग. ढकलल्याची बातमी मात्र प्रकाशाशी स्पर्धा करेल अशा वेगाने जाते.

पण रांग सरकायची तर तिला पुढे वाटही हवी. माझं घोडं नेमकं इथे पेंड खात होतं.

मी बल्ब काढला, मीटरची काळी पिन डिकीच्या लॉकच्या लोखंडाला टेकवली आणि लाल पिन होल्डरमधल्या ब्रेकच्या पॉइंटला. बायकोने ब्रेक दाबला. मीटरने दाखवलं १२.३. वीज येते आहे, बल्ब नवा आहे, आणि दिवा लागत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन साळवी स्टॉपच्या पुढे रस्त्याकडेला बसणाऱ्या एका वायरमन काकांकडे गेलो. माझं सगळं आख्यान त्यांनी ऐकून घेतलं.

"मीटर कुठं लावलात? बॉडीला?"

"हो."

"मग बॉडीचा अर्थ मोजलात. बल्बाचा अर्थ कुठाय?"

मी गप्प. त्यांनी खिशातून वीतभर वायर काढली, दोन्ही टोकं सोललेली. "बसा आत. दाबून धरा." मी ब्रेक दाबून आरशात बघत राहिलो. मागे चहाच्या टपरीचा पत्रा होता, त्यावर उजव्या बाजूचा लाल उजेड पडला होता आणि डावीकडे काहीच नव्हतं. काकांनी वायरीचं एक टोक होल्डरच्या अर्थला धरलं, दुसरं लॉकच्या खिट्टीला टेकवलं, आणि पत्र्याची डावी बाजू भक्कन लाल झाली. टोक उचललं की अंधार, टेकवलं की लाल. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्यांदा बहुधा माझ्यासाठीच.

गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी लागतात असं आपल्याला घरच्या वायरिंगवरून वाटतं. गाडीत मात्र जायची वाट वायरीची असते आणि परतीची वाट, म्हणजेच ‘अर्थ’, हे गाडीचं अख्खं लोखंडी अंग. बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं. प्रत्येक दिवा, पंखा, हॉर्न आपापली वापरलेली वीज जवळच्या पत्र्यात सोडून देतो, आणि ती दरवाजे, खांब, फरशी यांच्यातून वाट काढत बॅटरीकडे परत जाते. ज्या पत्र्यावर आपण पॉलिश मारतो तो पत्रा म्हणजे एक भलीमोठी वायर आहे. ही वायर सहसा तुटत नाही. तुटतो तो तिला गाठणारा सांधा. टेललॅम्पमागच्या आवरणाखाली एक स्क्रू असतो, त्याखाली होल्डरच्या वायरीची कडी आवळलेली असते, आणि आमच्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत अकरा पावसाळे काढलेल्या गाडीत तो स्क्रू कसा दिसत असेल ते सांगायला नको. लोखंड तांबूस, कडी हिरवी.

आता त्या स्कूटरवाल्या पोराकडे वळतो. तो अक्षरशः खरं बोलला होता.

त्या संध्याकाळी हेडलाइट चालू होते, म्हणून टेललॅम्पच्या पाच वॉटच्या तारेत वीज येत होती. तिची परतीची वाट, म्हणजे तो स्क्रू, गंजाने बंद. पण वीज अडून बसत नाही, दुसरी वाट शोधते. त्याच काचेत शेजारी एकवीस वॉटची तार आहे, आणि दोघींचं खालचं टोक एकच. वीज त्या तारेत उलटी शिरली, ब्रेकच्या वायरीने मागे फिरली आणि उजव्या ब्रेकलाइटमधून तिकडच्या चांगल्या अर्थला जाऊन मिळाली. एकवीस वॉटच्या तारा जाड, त्यांचा रोध बारीक तारेपुढे नगण्य, म्हणून जवळपास सगळा जोर बारीक तारेलाच मिळाला आणि टेललॅम्प रोजच्यासारखा जळत राहिला. चोरवाटेने चाललेला हा कारभार बाहेरून कुणाच्या बापाला कळला नसता. मग मी ब्रेक मारला. ज्या वायरीतून वीज गुपचूप परत जात होती त्याच वायरीत आता समोरून बारा व्होल्ट आले. तारेच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब आला, मग वाहणार काय? जी थोडी वाहिली ती शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बातून पुढे निसटली, म्हणून तो पुसट नारिंगी. आणि टेललॅम्प विझला.

ब्रेक मारला की दिवा विझतो. दोन दिवसांच्या तपासाचं सार त्याने एका वाक्यात दिलं होतं, आणि मी ते सुधारून घेतलं होतं.

मीटरने फसवलं कसं, हेही समजून घेण्यासारखं आहे. काळी पिन बॉडीला लावल्याने गंजका स्क्रू मापातून सुटलाच, पण ती होल्डरच्या अर्थला लावली असती तरी मीटर फसवू शकला असता. मीटर मोजताना विजेचा अगदी नगण्य अंश घेतो, अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. वायरीतला एक धागा शिल्लक असला, स्क्रूवर गंजाचा पापुद्रा असला, तरी तेवढी वीज आरामात जाते आणि मीटर खुशाल बारा दाखवतो. बल्बाला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात. अरुंद बोळातून मुंगी जाते म्हणून हत्ती जाईलच असं नाही. म्हणूनच काकांकडचा टेस्टर म्हणजे जुन्या बल्बाला जोडलेल्या दोन वायरी, बाकी काही नाही. तो बल्ब खरोखर वीज मागतो, त्यामुळे खोटं बोलू शकत नाही. मीटर वापरायचाच असेल तर बल्ब जागेवर बसवून, ब्रेक दाबलेला असताना, होल्डरचा अर्थ आणि बॉडी यांच्यामध्ये मोजायचं. तिथे शून्याच्या जवळपास काही तरी यायला हवं. माझ्या गाडीत सात-आठ व्होल्ट आले. बॅटरीचा निम्म्याहून अधिक जोर एका गंजक्या स्क्रूवर खर्च होत होता.

आणि व्होल्टेज थोडं घटलं तर उजेड थोडाच घटतो असंही नाही. टंगस्टनच्या बल्बाला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. बाराऐवजी आठ मिळाले तर पाव उजेड उरतो. अशा दिव्याला कुणी गेला म्हणत नाही, फक्त मागच्याला तो उशिरा दिसतो.

सगळ्याच गाड्यांचं दुखणं अर्थचं नसतं. एकच बाजू गेली तर बल्ब, होल्डर किंवा अर्थ बघावा. सगळे ब्रेकलाइट एकदम गेले तर मागे उकिडवं बसण्यात अर्थ नाही, आधी फ्यूज आणि मग पेडलवरचा स्विच बघावा. हॅचबॅकमध्ये मागच्या दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी हजारदा वाकून आतल्या आत तुटतात, बाहेरचं प्लास्टिक मात्र साळसूदपणे शाबूत. दुचाकीला दोन स्विच असतात, हाताचा वेगळा आणि पायाचा वेगळा, दोन्ही वेगवेगळे दाबून बघावे लागतात. उलटा रोगही असतो: पेडलवर जिथे दट्ट्या टेकतो तिथली चण्याएवढी प्लास्टिकची टिकली वर्षांनी भुगा होऊन पडते, दट्ट्या त्या भोकातून बाहेर येतो आणि ब्रेकलाइट रात्रभर जळत राहतो. सकाळी बॅटरी ठार. पायाशी प्लास्टिकचे तुकडे सापडले तर ते टाकून देऊ नका, रोगाचं नाव त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

एवढ्याशा दिव्याचा एवढा घोळ कशाला, असं बायकोने विचारलंच. तिला मी टॅक्सीवाल्यांची गोष्ट सांगितली. जॉन वोएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींना मागे एक जादा दिवा बसवून पाहिला. १९७४ साली त्याने निष्कर्ष छापले: त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे साठ टक्क्यांनी घटल्या होत्या. पुढे अमेरिकेने १९८६च्या मॉडेलपासून मोटारींना मधला तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा केला. सगळ्यांच्याच मागे तो दिवा आल्यावर नवलाई ओसरली आणि १९९८च्या सरकारी अभ्यासात कायमचा फायदा निघाला ४.३ टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त थक्क करतो. सवयीचा होऊन गेलेला, कुणी मुद्दाम बघतही नाही असा एक दिवा शंभरातल्या चार धडका कायमच्या टाळतो. आणि तारेच्या बल्बाला पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. एलईडी त्या मानाने तत्क्षणी लागतो. ताशी साठच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी सव्वातीन मीटर पुढे जाते, म्हणजे जवळपास एका छोट्या गाडीची लांबी.

"मग गंजलेला स्क्रू किती मीटरचा?" तिने विचारलं. हा हिशेब मी अजून केलेला नाही.

काकांनी स्क्रू काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासला, कडीही घासली, परत आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेली थापली. दहा मिनिटांचं काम. जुना बल्ब परत बसवला आणि नवा माझ्या हातात ठेवला. तो अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे.

घरी कुणी दाबायला नसेल तर रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावा, हेडलाइट चालू ठेवा, ब्रेक मारा आणि आरशातून भिंतीवरचे लाल डाग मोजा. दिवे बंद करूनही एकदा मोजा. आणि रस्त्यात पुढच्या गाडीच्या दिव्याचं काही चुकलेलं दिसलं तर त्याला जरूर सांगा, कारण ते त्याला दिसणार नाही. फक्त ‘दिवा गेलाय’ म्हणू नका. डावा की उजवा, लागत नाही की मंद लागतो की विझतो, जे दिसलं तेच सांगा.